आप्पांच्या तोंडी तुझी वाक्यं

तू आप्पांच्या नावाने लिहिलेल्या आत्मचरित्राचं हस्तलिखित दोनदा वाचलं, आणि सोबत पेनड्राइव्हवर दिलेलं आप्पांचं रेकॉर्डिंगही सबंध ऐकलं. प्रस्तावना मी लिहिणार नाही. का, ते फोनवर सांगितलं तर तू ‘हो बाई, हो बाई’ म्हणून मोकळा होशील आणि पुस्तक आहे तसं छापायला देशील. म्हणून लिहून सांगते आहे. बसून वाच.

पहिलं पान घे. ‘इवल्याशा खेड्यात, कौलारू घराच्या अंगणात, प्राजक्ताच्या सड्यात माझे बालपण फुलले.’ आप्पांच्या घरावर कौलं नव्हती, पत्रा होता, आणि तोही अर्ध्या घरावर. हे त्यांनी पहिल्याच बैठकीत तुला सांगितलं आहे. अंगणात प्राजक्त नव्हता, बाभळ होती. तिचा काटा मोडून धाकट्या बहिणीचा पाय पिकला आणि ती महिनाभर घरात सरपटत होती, असं ते सांगतात. बाभळ तोडलीस आणि तिथे प्राजक्त लावलास. हाच प्राजक्त गेल्या वर्षी तू सोलापूरकडच्या एका डॉक्टरांच्या आठवणींत लावला होतास, आणि त्याआधी खानदेशातल्या एका निवृत्त अभियंत्यांच्या पुस्तकात. तिघांच्या आया पहाटे जात्यावर ओव्या म्हणतात. तिघांचे वडील वरून कठोर आणि आतून प्रेमळ. तिघेही रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतात. आप्पांच्या गावात त्या काळी रस्त्यावर दिवा नव्हता आणि चौथीनंतर त्यांची शाळाही सुटली होती. तीन माणसं, तीन जिल्हे, तीन धंदे, आणि बालपण एकच. ते बालपण कुणाचं आहे? तुझंही नाही, कारण तू पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलास. ते तू पाठ्यपुस्तकातून उचललं आहेस आणि जो समोर येईल त्याच्या अंगावर चढवतो आहेस.

आता पान बावीस. ‘वाहतूक क्षेत्रातील माझ्या प्रवासाचा श्रीगणेशा अत्यंत खडतर परिस्थितीत झाला. परिस्थितीचे चटके सोसत मी घडत गेलो.’ आप्पा प्रत्यक्षात काय म्हणाले ते मी उतरवून देते, कारण तू ते कानावरून जाऊ दिलंस.

‘कोयनेचा भूकंप झाला त्या साली म्या ट्रकवर किन्नर म्हणून चढलो. घाटात गाडी दमली की ठोकळा घिऊन उडी मारायची आन् मागच्या चाकाखाली द्यायचा, ह्ये किन्नराचं काम. खंबाटकीत एका राती ठोकळा दिला, पर हात काढायच्या आत गाडी मागं आली. दोन बोटं तिथंच ऱ्हायली. डायवरनं डोईचा पटका सोडला, हात बांधला आन् म्हनला, रडू नगं, गाडीत कांदा हाय, नासंल.’

हे ऐकून तुझा पेन थांबला नाही? त्या एका वाक्यात ड्रायव्हर दिसतो, त्याची माया दिसते आणि त्याची भीतीही दिसते, कारण कांदा नासला तर भाडं त्याच्या अंगावर येणार. सतरा-अठरा वर्षांचं पोर रक्ताळलेला हात मांडीत धरून रात्रभर कांद्याच्या पोत्यांवर बसलं आहे, हे दिसतं. तू त्याचं ‘परिस्थितीचे चटके’ केलंस. बोटं गेली, घाट गेला, ड्रायव्हर गेला. आप्पांचा डावा हात तू इतके महिने समोर बसून पाहिलास. तुझ्या पुस्तकात तो हात धडधाकट आहे.

तुझी भाषा वाईट आहे असं मी म्हणत नाही. वर्गात तुझ्या निबंधांना मीच चांगले गुण देत होते. पण ती तुझी भाषा आहे, आणि मुखपृष्ठावर नाव आप्पांचं आहे. त्या नावाखाली ‘मी’ म्हणून जे जाणार ते आप्पांच्या तोंडून निघू शकेल असं असलं पाहिजे. सगळं पुस्तक सातारी बोलीत लिही असा माझा हट्ट नाही. आप्पा स्वतः म्हणाले आहेत की पुस्तकात शुद्ध भाषा हवी, नातवंडांना वाचता आलं पाहिजे. मग शुद्ध लिही. पण शुद्ध म्हणजे सपाट नव्हे. माणसाची नजर कुठे जाते, तो आधी काय सांगतो आणि मागून काय, कुठे अडखळतो, कशाचा हिशोब ठेवतो, हे प्रमाण भाषेतही जसंच्या तसं ठेवता येतं. ‘ड्रायव्हरने डोक्याचा पटका सोडून माझा हात बांधला आणि म्हणाला, रडू नको, गाडीत कांदा आहे, नासेल.’ झालं. याला काय कष्ट पडले?

त्याच पानावर तू साल 1965 घातलं आहेस. कुठून आणलंस? आप्पा भूकंपाचं नाव घेतात. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. सातारा-कराडकडच्या त्या पिढीतल्या कुठल्याही माणसाला विचार, तो त्या पहाटे कुठे झोपला होता हे सांगेल. आपल्याकडची जुनी माणसं सन सांगत नाहीत. पानशेत फुटलं ते साल, कोयनेचं साल, बहात्तरचा दुष्काळ, असं सांगतात. त्या खुणांवरून तारखा लावणं हे लिहिणाऱ्याचं काम आहे, आणि त्याला ग्रंथालयात एक दुपार पुरते. तू अंदाजपंचे आकडा टाकलास. आता तो छापला जाईल आणि उद्या आप्पांचाच नातू म्हणेल की आजोबा भूकंपाच्या दोन वर्षं आधीपासून ट्रकवर होते.

आणखी एक आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहे, जो हस्तलिखितात कुठेच नाही. आप्पा सांगत असतात, ‘बहात्तरच्या दुष्काळात म्या पहिली गाडी घेतली,’ आणि लांबून, बहुधा स्वयंपाकघराच्या दारातून, त्यांच्या पत्नी, काकू, बोलतात: ‘बहात्तरला कुठली गाडी? बहात्तरला मी खडी फोडत हुते. गाडी थोरलीच्या बारशानंतर आली.’ आप्पा गप्प होतात. मग म्हणतात, ‘ही म्हणती तसंच आसंल.’ त्यावर तू विचारतोस, ‘बरं, मग पुढे काय झालं, आप्पा?’

पुढे काय झालं! जे झालं ते दारात उभं होतं. उठून त्या बाईंना आत बोलवायचं, खुर्ची द्यायची आणि विचारायचं: काकू, कुठे फोडत होतात खडी? किती मजुरी मिळायची? पोर कुणाकडे ठेवत होतात? यातलं काही तू केलं नाहीस. हस्तलिखितात काय आहे? ‘1972 च्या भीषण दुष्काळातही न डगमगता मी पहिला ट्रक खरेदी केला.’ आणि सत्तर पानांनंतर, ‘सौ.ची मोलाची साथ लाभली.’ ज्या माणसाने तुझ्यासमोर बायकोचं म्हणणं मान्य केलं, त्याला तू पुस्तकात खोटं बोलायला लावलंस. बोलणं कुठल्याशा ॲपकडून उतरवून घेतलंस असं तू म्हणालास. ॲपने लांबचा आवाज सोडला असेल. तू तर तिथे बसला होतास.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल तुला काय माहीत आहे? लाखो माणसं सरकारी कामांवर होती आणि त्यात बायका फार मोठ्या संख्येने होत्या. रस्ते, पाझर तलाव, बंडिंग, आणि सगळ्यांत जास्त हातोडीने खडी फोडणं. पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो. त्या कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि पुढे 2005 साली देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. त्या इतिहासात हातोडी धरलेली एक बाई तुझ्यापासून दहा पावलांवर चहा करत होती. आप्पांची गाडी पुढे ज्या रस्त्यांवर धावली त्यातल्या एखाद्याची खडी तिने फोडलेली असेल. असेल किंवा नसेल. विचारलं असतंस तर कळलं असतं.

तू म्हणशील, बाई, पुस्तक आप्पांचं आहे, काकूंचं नाही. मग ‘माझे पुराण’ काढून वाच. धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ आहे, आणि ‘माझे पुराण’ हे त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचं पुस्तक आहे, जे सूनबाई कावेरीबाईंनी संपादित केलं. त्याच घरातल्या त्याच वर्षांचं आयुष्य बाईच्या बाजूने कसं होतं हे आज आपल्याला कळतं, ते घरातल्याच एका सुनेने सासूचं बोलणं गांभीर्याने घेतलं म्हणून. कावेरीबाईंनी ‘मोलाची साथ’ असं लिहून सासूची बोळवण केली नाही.

आता ज्याबद्दल मला खरा राग आला ते सांगते. थोरल्या भावाचा विषय निघतो तेव्हा आप्पा म्हणतात, ‘त्याचं नको घालू. सातबाऱ्यावरनं ज्ये झालं त्ये झालं.’ आणि मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येतो. त्यांनी सांगितलं, घालू नको. तो त्यांचा अधिकार आहे आणि तो तू पाळायलाच हवा. भाऊ हयात आहेत. त्यांच्यावर आरोप छापला तर बदनामीचा खटला आप्पांवर येईल, आणि लक्षात ठेव, बदनामीची फौजदारी तरतूद मेलेल्या माणसाच्या बाबतीतही लागू होऊ शकते. म्हणून वगळणं शहाणपणाचं होतं. पण तू वगळलं नाहीस. तू लिहिलंस, ‘माझ्या थोरल्या बंधूंच्या आशीर्वादाने मी व्यवसायात पाऊल टाकले.’ हे धडधडीत खोटं आहे. आप्पांनी हे सांगितलेलं नाही, त्यांच्या मुलाने सांगितलेलं नाही, रेकॉर्डिंगमध्ये कुठे नाही. परिच्छेद अपुरा वाटला म्हणून तू ते स्वतःच्या मनाने भरलंस. ज्या भावाने जमीन घेतली त्याचे आभार तू आप्पांकडून मानून घेतलेस, आणि आप्पांना चष्मा लावूनही नीट वाचता येत नाही हे तुला माहीत होतं. गप्प राहण्याचा हक्क सांगणाऱ्याला आहे. त्याचं गप्प राहणं उलटं करून लिहिण्याचा हक्क लिहिणाऱ्याला नाही. या एका वाक्यासाठी मी तुझं हस्तलिखित परत पाठवलं असतं.

दुसऱ्याचं आयुष्य लिहिण्याचं काम कसं करतात हे शिकायचं असेल तर अमेरिकन लेखक ॲलेक्स हेलीकडून शीक. कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याचं आत्मचरित्र त्याने लिहिलं. 1963 साली न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या हेलीच्या खोलीवर माल्कम रात्री नऊच्या सुमारास दमून यायचा आणि तासन्‌तास बोलायचा, पण स्वतःबद्दल एक अक्षर नाही. सगळं आपल्या संघटनेबद्दल आणि तिचे गुरू एलायजा मुहम्मद यांच्याबद्दल. तुझ्यासारखा असता तर हेलीने तेच छान शब्दांत मांडून दिलं असतं. त्याने तसं केलं नाही. बोलता बोलता माल्कम हाताला लागेल त्या चिटोऱ्यावर काहीबाही खरडतो हे त्याच्या लक्षात आलं. मग कॉफी देताना तो मुद्दाम दोन कागदी नॅपकिन ठेवू लागला आणि माल्कम गेल्यावर ते उचलून वाचू लागला. तोंडाने न बोललेलं त्यांवर असायचं. आणि एका रात्री, माल्कम वैतागून बोलत असताना, त्याने एकच प्रश्न विचारला: तुमच्या आईबद्दल काही सांगाल का? माल्कम येरझाऱ्या घालत बोलू लागला तो पहाटेपर्यंत. विटून फिके पडलेले कपडे घालून चुलीपाशी राबणारी आई त्याला आठवली. त्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिथून आलं.

तू आप्पांना आईबद्दल काय विचारलंस? ‘आई कशी होती?’ आणि ते म्हणाले, ‘चांगली हुती,’ आणि तू पुढच्या प्रश्नाला गेलास. मग जातं आणि ओव्या तुला तुझ्या नेहमीच्या कोठारातून काढाव्या लागल्या. ‘चांगली होती’ हे उत्तर नाही. ते दार आहे. त्यावर पुन्हा थाप मारायची असते. ती काय शिजवायची? रागावली की काय करायची? ती गेली तेव्हा तुम्ही कुठल्या गावाला गाडी घेऊन गेला होतात?

हेलीचं आणखी दोन गोष्टींत ऐक. लिहायला घेण्याआधी दोघांत करार झाला होता: माल्कमने न सांगितलेलं काहीही पुस्तकात जाणार नाही, आणि त्याला हवं असलेलं काहीही गळणार नाही. त्या बदल्यात हेलीने एक गोष्ट मागून घेतली, शेवटी स्वतःचं टिपण जोडण्याची परवानगी, जे माल्कमला तपासता येणार नव्हतं. बघ, दोघांच्या जागा किती स्पष्ट आहेत. दुसरी गोष्ट याहून अवघड. 1964 मध्ये माल्कमचं गुरूशी फाटलं, आणि आधी ज्यांत गुरूची स्तुती केली होती ती प्रकरणं बदलावीत असं त्याला वाटू लागलं. हेलीने त्याला सांगितलं की तसं केलंस तर पुढे काय होणार हे वाचकाला आधीच कळेल. त्या वेळी तू जे मानत होतास ते तसंच राहू दे. माल्कमने ऐकलं. 21 फेब्रुवारी 1965 ला त्याचा खून झाला आणि पुस्तक त्याच वर्षी बाहेर आलं. हेलीने स्वतःची मतं त्यात मिसळली का, यावर पुढे अभ्यासकांनी वाद घातले आहेत, आणि ते घालण्यासारखे आहेत. पण सांगणाऱ्याला शेवटच्या दिवसाच्या शहाणपणाने जुनी वर्षं पुसू द्यायची नाहीत, एवढं त्याला कळत होतं. तुझ्या पुस्तकातले आप्पा मात्र सतराव्या वर्षीच पंच्याहत्तरीतल्या माणसासारखे बोलतात.

मराठीत उदाहरण हवं तर अरुण साधू. ‘सांगत्ये ऐका’ 1970 साली आलं. अभिनेत्री हंसा वाडकर सांगत होत्या आणि साधूंनी ते शब्दांत उतरवलं. तेव्हा ते तरुण पत्रकार होते. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अजून यायच्या होत्या. ज्याच्या हातून पुढे एवढ्या ताकदीच्या कादंबऱ्या उतरल्या, त्या माणसाने हंसाबाईंच्या पुस्तकात आपली शैली कुठे दाखवली आहे ते मला शोधून दे. तुला सापडणार नाही. तिथे बोलते ती बाई. दारूबद्दल, घराबद्दल, पुरुषांबद्दल, स्वतःच्या हातून झालेल्या गोष्टींबद्दल ती बोलते आणि कुणी तिला सभ्य करून घेतलेलं नाही. म्हणून श्याम बेनेगलांना त्यातून ‘भूमिका’ हा चित्रपट करता आला. आप्पांच्या पुस्तकातून एक प्रसंग तरी कुणाला उभा करता येईल का, हे तूच सांग.

तुझं नेहमीचं म्हणणं मला पाठ आहे. बाई, माझं कुठे नाव असतं? मी पडद्यामागचा माणूस. त्यांना जसं हवं तसं देतो, पैसे घेतो, विषय संपला. हे बोलणं मला सगळ्यांत जास्त टोचतं. नाव नसण्याने काम हलकं होत नाही. जे. आर. मोहरिंगर हा पुलित्झर मिळालेला पत्रकार. टेनिसपटू आंद्रे आगासीचं ‘ओपन’ त्याने लिहिलं. आगासी मुखपृष्ठावर त्याचं नाव घालायला तयार होता. त्यानेच नको म्हटलं. आणि नाव नसताना त्याने आगासीकडून काय काढून घेतलं? की ज्या खेळाने त्याला सगळं दिलं त्या खेळाचा त्याला तिटकारा होता. की त्याने अमली पदार्थ घेतले आणि पकडला गेल्यावर संघटनेला खोटं सांगून सुटला. असं स्वतःविरुद्ध बोलायला माणसाला तयार करणं हे नावाशिवाय केलेलं काम आहे. आणि उलट बाजू बघ. टोनी श्वार्ट्झचं नाव ‘द आर्ट ऑफ द डील’च्या मुखपृष्ठावर ट्रम्पच्या नावाखाली आहे, आगाऊ रकमेतला आणि मानधनातला अर्धा वाटा त्याला मिळाला. 1987 चं ते पुस्तक. ट्रम्प मुलाखतीला बसून राहत नव्हता, म्हणून श्वार्ट्झ त्याचे फोन ऐकत बसला आणि त्यातून एक लोभस माणूस तयार करून दिला. जवळजवळ तीस वर्षांनी, 2016 मध्ये, त्याने जाहीरपणे सांगितलं की आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो. नाव असो, नसो, तू घडवलेला माणूस लोक खरा मानतात. त्याचं उत्तर द्यायची पाळी तुझ्यावर येते.

आणि ज्याचं आयुष्य आहे तोच रागावला तर? केरळच्या नलिनी जमीला यांचं आत्मकथन 2005 साली मल्याळममध्ये आलं, दुसऱ्याच्या मदतीने लिहिलेलं. पुस्तक गाजलं, पण त्यांना ते आपलं वाटेना. त्यांनी ते पुन्हा नव्याने सिद्ध करून छापलं. स्वतःचं आयुष्य दुसऱ्यांदा सांगायची वेळ त्या बाईवर आली. आप्पा पंच्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना दुसरी आवृत्ती लिहायला लावणार आहेस का?

पैशाचं थोडक्यात, कारण तिथेही तू बेफिकिरी केली आहेस. आप्पांच्या मुलाने पाकीट दिलं आणि तू घेतलंस. कागद एकही नाही. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, मराठीत त्यावर पुस्तकं आहेत, वाच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारताचा. उद्या मुलांत वाद झाला तर पुस्तकाचा मालक कोण? ते रेकॉर्डिंग, ज्यात सातबाऱ्याची गोष्ट आहे, ते कुणाकडे राहणार? तू ते पेनड्राइव्हवर घालून मला पाठवलंस. आप्पांना विचारलं होतंस? माझ्याकडची प्रत मी पुसणार आहे. तुझ्याकडची आप्पांच्या हातात दे, आणि पुढचं सगळं त्यांच्याशी लिहून ठरव.

शेवटचा तुझा बचाव: वाचतंय कोण? अमृतमहोत्सवाला शाल-श्रीफळाबरोबर वाटायचं पुस्तक आहे. हे माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस. आप्पांनी मुलुंडच्या जकात नाक्यावरच्या रात्री सांगितल्या आहेत. ट्रकची रांग, टपरीवरचा चहा, गाडीखाली चटई टाकून झोपणं, पावती फाडणारा कारकून काय मागायचा आणि कसं मागायचा. 2017 मध्ये जीएसटी आला आणि मुंबईतूनही जकात गेली. ते जग आता नाही. ते ज्यांनी पाहिलं ती माणसं लिहिणारी नव्हती, आणि त्यांच्यातल्या एकाच्या घरी त्याचं ऐकायला कुणीतरी गेलं तो तू होतास. आप्पा त्यावर जवळजवळ तासभर बोलले. तुझ्या पुस्तकात ‘त्या काळी अनेक अडचणींना तोंड द्यावे लागे’ एवढं एक वाक्य आहे. ज्या लोकांचं कुणी काही लिहून ठेवलं नाही त्यांच्याकडे आपण जातो तेव्हा पाट्या टाकायच्या नसतात रे. तिथे जीव लावून काम करायचं असतं.

आता काय करायचं ते. आप्पांच्या मुलाला आज फोन कर आणि छपाई थांबव. समारंभाला पुस्तक नसलं तर आप्पांचं काही बिघडत नाही. त्यांच्या हातात खोटं पुस्तक पडलं तर बिघडतं. भावाचं वाक्य काढून टाक. प्राजक्त काढ. सालं तपास: पहिल्या गाडीचं आरसी बुक आणि कर्जाचे कागद घरात असतील, मुलीच्या जन्माचा दाखला असेल. मग वही घेऊन साताऱ्याला जा, फोन बाजूला ठेव आणि काकूंच्या शेजारी बस. लिहिलेलं प्रत्येक प्रकरण आप्पांना मोठ्याने वाचून दाखव. जिथे ते ‘आसं मी म्हनलो नव्हतो’ म्हणतील तिथे पेन्सिलने रेघ मार आणि वाद घालू नकोस. जिथे काकू मध्ये बोलतील तिथे थांब.

हे तुला जमेल. जमत नसतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण दोघांचीही पंच्याहत्तरी आली आहे, आणि आप्पांना गेल्या महिन्यापासून धाप लागते असं तूच म्हणालास. या आठवड्यात जा.